मुदत संपण्याआधी

ठरलेल्या मुदतीसाठी कामाला बांधून घेतलेला माणूस मुदत पुरी होण्याआधी निघू लागला, की दोन प्रश्न उभे राहतात. त्याला अडवता येते का? आणि अडवता येत नसेल, तर त्याच्या जाण्याची किंमत कोणी आणि किती मोजायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने बऱ्याच काळापूर्वी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर माणूस कोण आहे आणि त्याने आगाऊ काय घेतले आहे यावर बदलत जाते. शेतावरचा सालगडी, कारखान्यातला पर्यवेक्षक, बँकेतला अधिकारी आणि अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा मुख्य व्यवस्थापक या सगळ्यांची अडचण मुळात सारखीच असते. ती सोडवण्याची साधने मात्र प्रत्येकाच्या हाती सारखी नसतात.

घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या परिसरात, या कराराचे सर्वांत जुने रूप म्हणजे साल. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्याला फिटते. वर्षाची रक्कम, ज्वारी-गहू किती, कपडे आणि चपला कोणी घ्यायच्या, हे चारचौघांसमक्ष बोलून ठरते. कागद होतोच असे नाही. रकमेचा एक भाग सुरुवातीलाच हातात मिळतो, ती उचल. ती बहुधा लग्नात, दवाखान्यात किंवा जुने देणे फेडण्यात त्याच आठवड्यात संपते. त्यामुळे गडी वर्षाचा पहिला दिवस सुरू करतो तो देणेकरी म्हणूनच. खाडे मांडून ठेवले जातात आणि हिशेबात कापले जातात.

गड्याने मध्येच साल मोडले तर काय होते, याचा रिवाज ठरलेला आहे. झालेल्या महिन्यांचा हिशेब होतो, उचल जास्त निघाली तर ती परत मागितली जाते. गड्याजवळ पैसे नसतात. मग त्याला नवा मालक शोधावा लागतो. नवा मालक जुन्याची बाकी चुकती करतो आणि तीच रक्कम नव्या सालाची उचल म्हणून गड्याच्या नावावर चढते. माणूस एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जातो, देणे त्याच्याबरोबर जाते. मजुराला जाण्याचा हक्क आहे, पण त्या हक्काचे मोल दुसऱ्याच कोणी तरी भरते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे अगदी मोठ्या पगारांच्या करारांतही ती पुन्हा भेटते.

करार कुठे सुरू होतो, हेही येथे पाहायला हवे. जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली येथे ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ शब्द कानी पडताच निघून गेला, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. त्या कथेतला मुलगा बंधन पडण्याआधी निघाला, त्यामुळे त्याच्याकडे हिशेब मागायला कोणाला जागा राहिली नाही. या प्रकरणातल्या माणसांच्या अडचणी सही झाल्यानंतर सुरू होतात.

एके काळी मुदतीआधी काम सोडणे हा भारतात गुन्हा होता. १८५९ च्या कायद्याने, म्हणजे कामगारांनी करार मोडण्याबाबतच्या त्या वर्षीच्या १३ व्या अधिनियमाने, आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मालक थेट मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकत असे. मॅजिस्ट्रेट रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा आदेश देई. आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंगात पाठवण्याची अशी कोणतीही सोय त्या कायद्यात नव्हती. एका बाजूला दिवाणी देणे आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग, असा हा तराजू सहा दशकांहून अधिक काळ चालला. १९२५ च्या कायद्याने तो रद्द झाला आणि त्याबरोबर भारतीय दंड संहितेतली त्याच जातीची दोन कलमेही गेली.

त्यानंतर उरला तो दिवाणी कायदा. त्याचा पाया सोपा आहे. माणसाच्या अंगच्या कौशल्यावर आणि इच्छेवर अवलंबून असलेले काम न्यायालय जबरीने करवून घेत नाही. आज हे तत्त्व १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या १४ व्या कलमात आहे. कारण व्यावहारिकही आहे. न्यायाधीश रोज सकाळी जाऊन गवई मनापासून गातो की नाही, हे पाहू शकत नाही. तरीही मालकाच्या हाती दोन गोष्टी राहतात. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मागता येते. आणि दुसरी, अधिक धारदार: ‘मुदतीत दुसरीकडे काम करणार नाही’ असे वचन करारात असेल, तर त्या वचनापुरता मनाई हुकूम मागता येतो.

या दुसऱ्या हत्याराची जन्मकथा लंडनच्या नाट्यगृहातली आहे. योहाना वाग्नर ही गायिका, संगीतकार रिखार्ड वाग्नर यांची पुतणी, १८५२ साली बेंजामिन लम्ली यांच्या नाट्यगृहात तीन महिने गाण्यास बांधलेली होती. प्रतिस्पर्धी नाट्यगृहाने जास्त रक्कम देऊ केली आणि ती तिकडे वळली. लॉर्ड सेंट लेनर्ड्स यांनी निकाल दिला तो असा: लम्लींकडे गाण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, पण त्या काळात दुसरीकडे गाण्यास मनाई करता येईल. म्हणजे दार उघडे ठेवायचे आणि शेजारचे दार बंद करायचे. सक्ती नाही असे म्हणत सक्तीच्या जवळ जाणारी ही युक्ती आजही वापरात आहे.

मुंबई उच्च न्यायालयापुढे तसाच प्रश्न १८९८ साली आला, तोही समुद्रापलीकडून. झांझिबारमधल्या डॉ. मॅक्डोनाल्ड यांच्याकडे चार्ल्सवर्थ हा डॉक्टर सहायक म्हणून तीन वर्षांसाठी कामाला लागला. वर्षभराने तो बाहेर पडला आणि त्याच गावात स्वतःचा दवाखाना थाटला. न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती त्याच्या व्यवसायाला मनाई केली. करार कायद्याच्या २७ व्या कलमाने व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरतात. पण मुदत चालू असताना दिलेले वचन हे आडकाठी नव्हे, असा हा धागा पुढच्या निकालांत कायम राहिला.

या विषयावर भारतातला सर्वांत महत्त्वाचा निकाल लागला तो कल्याणच्या एका कारखान्यावरून. सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉन या नावाने टायरच्या दोऱ्याचे सूत बनवण्याचा कारखाना होता. १९६१ च्या जानेवारीत कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडून १,४०,००० जर्मन मार्क देऊन तंत्रज्ञान घेतले. अट अशी की हे ज्ञान गुप्त राहिले पाहिजे आणि कर्मचाऱ्यांकडूनही तशीच हमी घेतली पाहिजे. म्हणून कंपनीने पाच वर्षांचा करार करणाऱ्यांनाच घेण्याचे ठरवले. निरंजन शंकर गोलिकरी यांनी ही अट मान्य करूनच अर्ज केला. १६ मार्च १९६३ रोजी ते पाळी पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले आणि त्याच दिवशी करारावर सही केली. त्या वर्षीच्या मार्च ते डिसेंबर त्यांना प्रशिक्षण मिळाले.

दीड वर्षानंतर, १९६४ च्या शरदात, ते कामावर येईनासे झाले. ३१ ऑक्टोबरपासून राजीनामा दिल्याचे त्यांनी कंपनीला कळवले. कंपनीने राजीनामा स्वीकारला नसल्याचे सांगून कामावर परत बोलावले. उत्तर आले की दुसरी नोकरी मिळाली आहे. ही दुसरी नोकरी कोटा येथील राजस्थान रेयॉनमध्ये होती, तिथेही टायरच्या दोऱ्याचेच सूत बनत होते आणि पगार जास्त होता. कंपनी कल्याणच्या न्यायालयात गेली.

करारात दोन कलमे महत्त्वाची होती. एकाने मुदतीत दुसरे काम करण्यास मनाई केली होती. दुसऱ्याने मध्येच सोडल्यास सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई आणि उरलेल्या काळात त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत न जाण्याचे बंधन ठरवले होते. कल्याणच्या न्यायालयाने २,४१० रुपये भरपाई मंजूर केली आणि १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे मूळ पाच वर्षे भरेपर्यंत, गोलिकरींना टायरच्या सुताच्या उद्योगात पाळी पर्यवेक्षकाचे किंवा तशाच स्वरूपाचे काम भारतात कुठेही करण्यास मनाई केली. गुप्त माहिती उघड करण्यासही मनाई होतीच. उच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जानेवारी १९६७ रोजी न्या. जे. एम. शेलत यांनी निकालपत्र दिले: मुदत चालू असतानाचे असे बंधन २७ व्या कलमाच्या आड येत नाही. ते निर्दय, अति कठोर किंवा पूर्ण एकतर्फी असेल तरच न्यायालय ते मोडेल.

मनाईमुळे माणूस उपाशी बसेल, या आक्षेपालाही उत्तर दिले गेले. गोलिकरींना सगळ्या नोकऱ्या बंद नव्हत्या, फक्त एका प्रकारच्या उत्पादनातले ते एक काम बंद होते. शिवाय कंपनीने त्यांना काढले नव्हते, ते आपण होऊन गेले होते. तर्क चोख आहे. तरी एक खटकते. ज्याला दीड वर्षात शिकवलेले काम एवढेच त्याचे भांडवल आहे, त्याला दुसऱ्या प्रकारची नोकरी उघडी आहे असे सांगणे कागदावर जितके सोपे, तितके कल्याणच्या चाळीत नसते.

मुदत संपल्यानंतर मात्र तराजू दुसरीकडे झुकतो. सुपरिंटेंडन्स कंपनीच्या दिल्ली शाखेच्या एका व्यवस्थापकावर नोकरी सुटल्यावर दोन वर्षे त्या धंद्यात न पडण्याचे बंधन होते. कंपनीने त्याला काढून टाकले आणि मग हेच बंधन पुढे केले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. डी. तुळजापूरकर यांनी ते नाकारले, कारण करारातले सोडून जाणे म्हणजे आपण होऊन सोडणे, काढून टाकणे नव्हे. याच निकालात न्या. ए. पी. सेन यांनी आणखी स्पष्ट भूमिका घेतली की नोकरीनंतरचे असे बंधन २७ व्या कलमाने मुळातच निरर्थक आहे.

क्रिकेटमधला खटलाही याच रेषेवर आहे. श्रीरामपूरचा झहीर खान याने २००० साली परसेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. जाहिराती आणि प्रायोजकत्वाचा कारभार तिच्याकडे होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीचा देकार आला तर तो आधी परसेप्टला दाखवून तिला तेवढीच रक्कम देऊन करार चालू ठेवण्याची संधी द्यावी, अशी अट होती. २००३ मध्ये मुदत संपली आणि झहीरने महेश भूपती यांच्या ग्लोबोस्पोर्टशी हातमिळवणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी परसेप्टच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो रद्द केला, आणि २२ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निर्णय उचलून धरला. मुदत संपली की खेळाडू मोकळा.

बंधपत्र म्हणजे उचलीचे सरकारी आणि बँकांचे रूप. येथे मनाई नसते, रक्कम असते. विजया बँकेने २००६ च्या भरतीत निवडलेल्या अधिकाऱ्यांवर अट घातली होती की तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरावे लागतील. २००७ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि अटीविरुद्ध दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले, पण १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक बँकेला उघड स्पर्धेतून भरती करण्याचा खर्च येतो, अवेळी राजीनाम्याने तो वाया जातो, आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने २ लाख ही अवाजवी रक्कम नाही, असे कारण दिले गेले. ज्याला पैसे भरता येतात त्याला जाता येते, हे यातून पुरते सिद्ध होते.

मोठ्या क्रीडासंघांच्या व्यवस्थापकांचे करार या सगळ्याचे महागडे रूप आहेत. अमेरिकन बेसबॉलमध्ये संघाचा कारभार चालवणारा अधिकारी करारात असताना दुसरा संघ त्याच्याशी सरळ बोलणी करू शकत नाही. आधी मूळ संघाची परवानगी हवी. डेव्हिड स्टर्न्स याचे उदाहरण अलीकडचे आहे. तो मूळचा न्यूयॉर्कचा, लहानपणापासून मेट्स संघाचा चाहता. २०१५ पासून तो मिल्वॉकी ब्रुअर्सचा कारभार सांभाळत होता. मेट्सला तो हवा होता, पण ब्रुअर्सचे मालक मार्क अटानासिओ यांनी मुलाखतीची परवानगी दिली नाही. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी स्टर्न्सने मुख्य पद सोडले आणि सल्लागार म्हणून संघातच राहिला. २०२३ चा हंगाम आटोपल्यावर तो मेट्सचा बेसबॉल कारभाराचा प्रमुख झाला. म्हणजे त्याने मुदत बसून काढली. असा बसण्याचा काळ पगारी असतो, हा सालगड्याहून त्याचा वेगळेपणा.

थिओ एपस्टाइन याने दुसरी वाट धरली. बॉस्टन रेड सॉक्सला २००४ मध्ये ८६ वर्षांनी अजिंक्यपद मिळाले, तेव्हा तो महाव्यवस्थापक होता. २००७ मध्ये पुन्हा मिळाले. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, करारात एक वर्ष शिल्लक असताना, तो शिकागो कब्जकडे गेला. बॉस्टनने परवानगी दिली, पण मोबदल्याच्या अटीवर. मोबदला किती, यावर दोन्ही संघांचे महिनोन्महिने जमेना आणि गोष्ट आयुक्त बड सेलिग यांच्यापर्यंत गेली. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये कब्जने ख्रिस कार्पेंटर हा गोलंदाज बॉस्टनला दिला. एका कारभाऱ्याच्या उरलेल्या वर्षाची किंमत म्हणून एक खेळाडू! तोही पुढे फारसा चमकला नाही. त्याहून जुने आणि थेट उदाहरण १९७६ चे आहे. ऑकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी आपला प्रशिक्षक चक टॅनर पिट्सबर्गला देऊन मोबदल्यात मॅनी सांगियेन हा खेळाडू आणि १ लाख डॉलर घेतले. गावातला नवा मालक जुन्याची बाकी चुकती करतो, तेच हे. फरक एवढाच की येथे ती किंमत टॅनरच्या नावावर चढली नाही.

ऊसतोड मजुराच्या करारात हा फरक पुसला जातो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना, तर घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरीला त्याचाच सागर विभाग. गळीत हंगामासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याच्या वाहतूक कंत्राटदाराकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून कोयत्याला उचल मिळते, बहुधा हंगाम सुरू होण्याच्या बरेच आधी. दर टनावर मजुरी ठरते आणि उचलीतून वळती होते. हंगाम आटोपताना टनेज कमी भरले, कोणी आजारी पडले, तर बाकी राहते आणि पुढच्या हंगामावर चढते.

मध्येच फड सोडून निघालेल्या कोयत्याची गोष्ट बँक अधिकाऱ्यासारखी संपत नाही. त्याच्याकडे भरायला २ लाख नसतात. त्याला शोधायला माणसे जातात, गावाकडच्या नातेवाइकांना तगादा लागतो. मुकादमालाही कंत्राटदाराचे देणे असते, त्यामुळे दोघेही एकाच दोरीत अडकलेले असतात. १८५९ चा कायदा जाऊन शंभर वर्षे होत आली, तरी उचल घेतलेल्या माणसाला परत आणण्याचा प्रयत्न न्यायालयाबाहेर चालूच असतो.

कायद्याची भूमिका येथे स्पष्ट आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात ज्याचे काम सोडण्याचे, दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गेले आहे, तो १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार वेठबिगार ठरतो. तसे ठरले की ते कर्ज संपते आणि वसुलीचा हक्क उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांबाबतच्या निकालात म्हटले की सक्ती फक्त काठीची नसते, भुकेचीही असते, आणि किमान वेतनाहून कमी वेतनावर काम करवणे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वर्ज्य आहे. १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मजुरावर आगाऊ रकमेचे ओझे आहे हे गृहीत धरण्याची मुभा दिली.

मात्र प्रत्येक उचल वेठबिगारी नसते. फरक असा पाहायचा: माणूस निघू शकतो का, आणि निघाला तर रकमेची वसुली सामान्य देण्यासारखी न्यायालयातून होते की पाळत ठेवून, घरातल्या माणसांना धरून, सामान अडकवून होते. गोलिकरींना अडवण्यासाठी कंपनीला न्यायालयाची पायरी चढावी लागली, पुरावा द्यावा लागला, आणि मनाईची तारीखसुद्धा ठरली होती. उसाच्या फडात यातले एकही नसते.

१९७६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने पुराव्याचा भार मजुरावर नाही, धनकोवर टाकला आहे: हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे त्याने सिद्ध करायचे. सक्ती करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. उचल घेऊन फडावर गेलेल्या आणि निघू न दिल्या जाणाऱ्या कुटुंबाने, किंवा त्याच्या वतीने गावातल्या कोणीही, जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.